मुक्ती कशापासून?

मोक्ष, मुक्ती, उद्धार आणि तारण हे चार शब्द आपण मराठीत अगदी सहजपणे एकमेकांच्या जागी वापरतो. वक्तृत्वस्पर्धेत 'सर्वधर्मसमभाव' हा विषय निघाला की 'वाटा निराळ्या असल्या तरी मुक्काम एकच' हे वाक्य हमखास येते आणि त्याला टाळ्याही पडतात. समभाव हवाच, त्याविषयी वाद नाही. परंतु मुक्काम एकच आहे की नाही हे ठरवण्यापूर्वी प्रत्येक वाटसरू कोठून निघाला आणि कशाला कंटाळून निघाला, हे विचारायला नको काय? वैद्यदेखील औषध देण्याआधी रोग विचारतो. मुक्तीच्या कल्पनांची तुलना करताना 'मुक्ती कशापासून?' हा प्रश्न आधी विचारला पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखात मला मांडायचे आहे. त्यासाठी मी ख्रिस्ती धर्माच्या प्रारंभकाळातील ग्नॉस्टिक पंथ आणि ख्रिस्ती मंडळी यांच्यातील जुना वाद निवडला आहे. हा वाद तिकडचा, इजिप्त-रोमकडचा, असे वाचकांस वाटेल. पण त्याचेच एक रूप एकोणिसाव्या शतकात आपल्या महाराष्ट्रात, किंबहुना पुण्याच्या परिसरात, पुन्हा उभे राहिले असे माझे मत आहे.

'ग्नोसिस' या ग्रीक शब्दाचा अर्थ ज्ञान. आपला 'ज्ञा' धातू आणि हा शब्द भाषाशास्त्रदृष्ट्या सख्खे भाऊ आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात भूमध्य सागराच्या काठी अनेक लहानमोठे पंथ असे शिकवीत होते की, मनुष्याची सुटका एका विशिष्ट आंतरिक ज्ञानाने होते. रोम येथे शिकवणारा व्हॅलेंटायनस हा त्यांतील सर्वांत प्रतिभावान आचार्य. पुढे मंडळीने या पंथांना पाखंडी ठरवले, त्यांचे ग्रंथ लुप्त झाले, आणि त्यांची माहिती मुख्यत्वे त्यांच्या विरोधकांच्या लेखनातून मिळत राहिली. आपल्याकडे चार्वाकांचे जे झाले तेच. चार्वाकमत समजून घ्यायचे तर ते खोडून काढणाऱ्यांकडेच जावे लागते! लियों नगरीचा बिशप आयरेनियस याने सुमारे १८० साली पाखंडमतांच्या खंडनार्थ पाच खंडांचा ग्रंथ लिहिला, तो शतकानुशतके या विषयाचा प्रमुख आधार होता. ग्नॉस्टिकांचे दैव मात्र चार्वाकांपेक्षा बरे. १९४५ साली इजिप्तमधील नाग हम्मादी गावाजवळ शेतकऱ्यांना मातीच्या रांजणात कोप्टिक भाषेतील तेरा हस्तलिखित पोथ्या सापडल्या. त्यांत पन्नासाहून अधिक रचना होत्या. त्यांचे एकत्रित इंग्रजी भाषांतर १९७७ साली प्रसिद्ध झाले आणि मग हे लोक स्वतःच्या तोंडाने बोलू लागले. ते बोलू लागल्यावर असेही दिसून आले की, 'ग्नॉस्टिक' या एका नावाखाली आपण जे गोळा करतो ते सर्व एकाच साच्यातील नाही. अलीकडच्या काही अभ्यासकांनी तर हे नावच टाकून द्यावे असे सुचवले आहे. मी ते सोयीसाठी वापरतो आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या रचनांपैकी अनेकांत जे चित्र येते ते थोडक्यात असे. खरा परमेश्वर या जगाच्या पलीकडे, पूर्ण प्रकाशात आहे. हे दृश्य जग त्याने केले नाही. ते एका कनिष्ठ, अडाणी आणि गर्विष्ठ कारागीर देवाने केले, आणि आपल्याहून थोर कोणी आहे याचा त्या कारागिराला पत्ताच नाही. काही मनुष्यांच्या ठायी मात्र त्या वरच्या प्रकाशाची ठिणगी अडकून पडली आहे. देह ही तिची कोठडी, आणि विस्मृती हे कोठडीचे कुलूप. वरून एक हाक येते. आपण कोण, कोठून आलो, कोठे जायचे याची आठवण होते आणि ठिणगी स्वगृही परतते. या मतात ख्रिस्त येतो तो मुख्यतः ती हाक घेऊन येणारा म्हणून. आपल्या पापासाठी मरणारा म्हणून त्याचे महत्त्व येथे फारसे उरत नाही.

हे वाचताना आपल्याला वेदान्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. मलाही झाली. पण येथे जरा थांबले पाहिजे. अद्वैत वेदान्तात जगाचा कर्ता ईश्वर हा कोणी अडाणी खलपुरुष नाही, आणि जग ही कोणाच्या हातून झालेली चूक नाही. दोघांचे गोत्र एक वाटले तरी घर एक नाही. साम्य आहे ते रोगनिदानात. बंध अज्ञानाचा, म्हणून सुटका ज्ञानाने. हे साम्य आणि त्याहून ख्रिस्ती मताचे वेगळेपण तात्त्विक परिभाषेपेक्षा गोष्टींतून अधिक स्पष्ट होते, म्हणून मी तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो. तिन्ही गोष्टी घरापासून दूर गेलेल्या मुलांच्या आहेत.

पहिली गोष्ट सीरियाक भाषेतील 'प्रेषित थोमाची कृत्ये' या तिसऱ्या शतकातील ग्रंथात येते. ज्या गीतात ती आहे ते थोमा आपल्या हिंदुस्थानात तुरुंगात असताना गातो, असे ग्रंथकार सांगतो! पूर्वेकडील एका राजाचा मुलगा. आईबाप त्याचे झळाळते वस्त्र काढून ठेवतात आणि त्याला इजिप्तला पाठवतात. तेथे सर्पाच्या पहाऱ्यात असलेला एक मोती त्याने आणायचा आहे. तेथे गेल्यावर तो तेथल्या लोकांसारखे कपडे घालतो, त्यांचे अन्न खातो आणि आपण राजपुत्र आहोत हेच विसरतो. त्याला गाढ झोप लागते. मग घरून पत्र येते, गरुडासारखे उडत येते आणि त्याच्याशी बोलते. तो जागा होतो, मोती घेतो, अंगावरचे मळके कपडे तेथेच टाकतो आणि घरी निघतो. वाटेत त्याचे मूळचे वस्त्र त्याला सामोरे येते. आरशात पाहावे तसे तो त्यात स्वतःलाच पाहतो. हे गीत निखळ ग्नॉस्टिक आहे की नाही याविषयी विद्वानांत एकमत नाही. पण ग्नॉस्टिक मनाचा गाभा याहून सुंदर रीतीने सांगणारी दुसरी गोष्ट माझ्या वाचनात नाही.

दुसरी गोष्ट आपली. बृहदारण्यक उपनिषदावरील भाष्यात शंकराचार्य ती सांगतात. जन्मतःच आईबापांनी टाकलेला एक राजपुत्र व्याधाच्या घरी वाढतो. आपण व्याधच आहोत असे समजून तो व्याधाची कामे करतो. मग कोणी दयाळू जाणता पुरुष त्याला सांगतो की, तू व्याध नव्हेस, अमुक राजाचा पुत्र आहेस. ते ऐकताच त्याचा व्याधपणा गळून पडतो. सांख्यांनाही हा दृष्टान्त ठाऊक आहे. येथे मोती नाही, प्रवासही नाही. मुलगा कोठे गेलाच नव्हता; त्याला फक्त माहीत नव्हते.

तिसरी गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची. ती आपल्याकडे क्रमिक पुस्तकांमुळे म्हणा, चित्रांमुळे म्हणा, पुष्कळांना ठाऊक असते. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, परदेशी जाऊन सारे उधळतो, दुष्काळात डुकरे राखण्याची पाळी येते, आणि अखेर तो घरी परततो. आता पहिल्या दोन गोष्टींशेजारी ही ठेवून पाहा. या मुलाला आपला बाप कोण हे एक क्षणही विसरायला झालेले नाही. त्याला सगळे ठाऊक आहे. अडचण त्याच्या माहितीत नाही. त्याने जे केले आहे त्यात आहे, आणि त्यामुळे दोघांमधले नाते मोडले आहे. म्हणून त्याला पत्र पाठवून भागत नाही. तो अपराध कबूल करायला परत येतो, पण त्याने तोंड उघडण्याआधीच म्हातारा बाप दुरून त्याला पाहून धावत सुटतो. आपल्याकडचा कोणताही प्रतिष्ठित यजमान असा रस्त्याने धावणार नाही, आणि त्या काळच्या यहुदी समाजातही ते शोभणारे नव्हते. येथेही वस्त्र आहेच. पहिल्या गोष्टीतले वस्त्र राजपुत्राचे स्वतःचे होते, त्याची वाट पाहत होते. या गोष्टीत बाप घरातले उत्तम वस्त्र आणवून त्याच्या अंगावर घालायला लावतो, आणि त्या वस्त्रावर या मुलाचा कसलाही हक्क उरलेला नाही. ग्नॉस्टिक ज्याला स्मरण म्हणतो आणि ख्रिस्ती ज्याला कृपा म्हणतो त्यांतील अंतर या दोन वस्त्रांत आहे.

मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर धाकट्याच्या गोष्टीतही जागे होण्याचा एक क्षण आहे. डुकरांजवळ बसला असताना तो भानावर येतो, असे लूक म्हणतो. आणि योहानाच्या शुभवर्तमानात तर देवाला ओळखणे यालाच सार्वकालिक जीवन म्हटले आहे. म्हणजे ख्रिस्ती मताला ज्ञान वर्ज्य आहे असे नाही. भानावर आल्यावर वाट सुरू होते, संपत नाही, एवढेच.

मराठी बायबलात या सुटकेला 'तारण' आणि ख्रिस्ताला 'तारणारा' म्हटले आहे. आपण बँकेत दागिने ठेवून कर्ज काढतो तेव्हाही 'तारण' हाच शब्द वापरतो. हा केवळ योगायोग मानला तरी मला तो फार उद्बोधक वाटतो. आठवणीला किंमत मोजावी लागत नाही. गहाण पडलेली वस्तू सोडवायची तर कोणाला तरी किंमत मोजावी लागते. वधस्तंभ ही ती किंमत, असे ख्रिस्ती माणूस म्हणतो. पुष्कळशा ग्नॉस्टिकांना मात्र वधस्तंभाचे काय करावे हे नीट समजत नसे. खऱ्या ख्रिस्ताला दुःख झालेच नाही, असे त्यांच्यापैकी काहींनी म्हटले आहे.

आयरेनियसने नेमके येथेच बोट ठेवले. जग निर्माण करणारा आणि जगाला सोडवणारा हा एकच देव आहे, आणि ज्या मातीचा मनुष्य केला त्या मातीसकट तो सोडवला जाईल, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार. म्हणून शरीराचे पुनरुत्थान त्याला सोडता येईना. राजपुत्र मळके कपडे टाकून घरी जातो. आयरेनियसच्या मते ते कपडेही धुऊन घरी न्यायचे आहेत. (ही उपमा माझी, त्याची नव्हे.)

आता पुण्याकडे वळू. पंचहौद मिशन म्हटले की आपल्याला आठवतो तो १८९० सालचा चहा आणि त्यावरून टिळक-रानडे यांच्यावर आलेले ग्रामण्याचे बालंट. त्या चहाने इतकी जागा व्यापली आहे की, ज्या मराठी माणसांनी त्या काळात ख्रिस्ती धर्माचा तत्त्वज्ञानाच्या अंगाने कसून विचार केला, त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे त्यांपैकी एक. १८२५ साली बुंदेलखंडातील कोकणस्थ घराण्यात जन्मलेले आणि काशीत शिकलेले हे शास्त्री मिशनऱ्यांचे खंडन करायला निघाले आणि १८४८ साली नेहेम्या या नावाने स्वतःच ख्रिस्ती झाले. पुढे पुण्यातही त्यांनी काम केले. १८६० साली प्रसिद्ध झालेल्या 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात त्यांनी सहाही दर्शने तपासली आहेत, आणि त्यांचा खरा रोख अद्वैतावर आहे. जीव जर नित्यमुक्त ब्रह्मच असेल तर अज्ञान झाले कोणाला? आणि पाप केवळ व्यवहारापुरतेच खरे असेल तर पश्चात्तापही व्यवहारापुरताच ठरत नाही काय? त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा आहे. वेदान्ती यावर निरुत्तर होणार नाही. सत्तेच्या पातळ्यांचा भेद सांगून तो आपली बाजू राखील. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, लियोंमध्ये सुमारे १८० साली जो प्रश्न विचारला गेला तोच सतराशे वर्षांनी एक मराठी शास्त्री संस्कृत दर्शनांना विचारतो आहे. रोग अज्ञान आहे की अपराध?

गोऱ्ह्यांचा युक्तिवाद तर्काच्या पातळीवर राहिला. तोच प्रश्न ज्यांनी जगून पाहिला त्या पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि तिने मुलीला. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थे हिंडत असे. दक्षिणेतील दुष्काळात १८७४ साली आईवडील दोघेही गेले. येथे वाचकांनी ग्नॉस्टिकांची आठवण करावी. जगात असा दुष्काळ असताना त्याचा कर्ता भला कसा, या प्रश्नावर त्यांचे उत्तर सरळ होते: तो भला नाहीच, हे जग भल्या देवाचे नव्हे. त्यांच्या मताची खरी ताकद या उत्तरात आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. उपासमारीत आईबाप गमावलेल्या सोळा वर्षांच्या मुलीने त्या उत्तराकडे झुकावे, हे समजण्यासारखे झाले असते. रमाबाईंचे मन मात्र दुसऱ्याच दगडावर ठेचाळले.

कलकत्त्याला १८७८ साली विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्यानंतर धर्मशास्त्रे वाचताना त्यांच्या लक्षात आले की, ही शास्त्रे इतर बाबतींत एकमेकांशी कितीही भांडोत, स्त्री ही जात वाईट आणि तिला पुरुषाप्रमाणे मोक्षाचा अधिकार नाही, यावर त्यांचे एकमत आहे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे स्पष्ट लिहिले आहे. उपनिषदांत गार्गी-मैत्रेयी आहेत, इतिहास-पुराणांच्या द्वारे ज्ञान चारही वर्णांस खुले आहे असे खुद्द शंकराचार्य म्हणतात, आणि ज्ञानेश्वरांनी तर १२९० साली गीताच मराठीत आणली, हे सर्व खरे. पण ज्ञान हेच मुक्तीचे दार ठरले की दारावर 'अधिकारी कोण?' हा पहारेकरी उभा राहतोच. व्हॅलेंटायनसच्या पंथातही तो होता. आयरेनियसच्या सांगण्यानुसार ते माणसांचे तीन वर्ग करीत: आत्मिक, जीविक आणि जड. जडांना सुटकाच नाही. आणि नाग हम्मादीत सापडलेल्या 'थोमाच्या शुभवर्तमाना'तील ११४ वचनांपैकी अखेरचे वचन पाहावे. मरियेला घालवून द्या, स्त्रिया जीवनास पात्र नाहीत, असे पेत्र म्हणतो. त्यावर येशूच्या तोंडी उत्तर घातले आहे ते असे की, मी तिला पुरुष करीन, म्हणजे तिलाही प्रवेश मिळेल. या वचनाचा अर्थ रूपकात्मक घ्यावा असे काही अभ्यासक म्हणतात, आणि मरियेला मोठे स्थान देणारे ग्रंथही या परंपरेत आहेत. तरी पुढच्या जन्मी पुरुष होऊन ये, असे ज्या शास्त्रांनी ऐकवले ती वाचून उठलेल्या रमाबाईंच्या हाती हे वचन पडते तर त्यांना ते किती ओळखीचे वाटले असते!

त्यांच्या हाती पडली ती दुसरीच गोष्ट. १८८२ साली वैधव्यानंतर त्या पुण्यात आल्या, येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, आणि येथेच वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींशी त्यांचा परिचय झाला. त्या ओळखीतून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ पतित स्त्रियांसाठी या भगिनींनी चालवलेले काम पाहून त्यांनी त्याचे कारण विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. परजातीची, पाच नवरे झालेली एक बाई विहिरीवर येते आणि ख्रिस्त उपासनेचे मर्म तिला सांगतो. गोऱ्ह्यांच्या पत्राने बुद्धीच्या शंका फिटल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. ज्यांना हे धर्मांतर रुचले नाही त्यांची बाजू मला समजते. शारदासदनातील मुलींवरून १८९३ साली पुण्यात जो वाद माजला त्यात रानडे-भांडारकरांसारख्या मित्रांनीही सल्लागार मंडळ सोडले, ते अकारण म्हणता येणार नाही. पण तो निराळा विषय आहे.

माझ्या विषयाच्या दृष्टीने याहून मोलाचे ते पुढे घडले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. मते पटली होती, वाद जिंकले होते, इंग्लंडमधील पंडितांशी त्यांनी पत्रांतून तत्त्वचर्चा केली होती. तरी सुटका झाली असे त्यांना वाटेना. विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्या काळात त्यांच्या वाचनात आले. कित्येक वर्षे प्रवचने करूनही या माणसाला स्वतःचे तारण उमगले नव्हते. आपली अवस्था हीच आहे, असे रमाबाईंना वाटले. मग कोणतीही अट न घालता त्यांनी स्वतःला तारणाऱ्याच्या स्वाधीन केले, असे त्या सांगतात.

यावर ग्नॉस्टिक म्हणेल की, रमाबाईंना जे आधी होते ते पुस्तकी ज्ञान. आम्ही ज्याला ग्नोसिस म्हणतो ते तसले नव्हेच, तो अंतरीचा साक्षात्कार आहे. हा आक्षेप रास्त आहे आणि आपल्याकडेही परोक्ष-अपरोक्ष असा भेद करतातच. परंतु रमाबाईंनी आपल्या अनुभवाला जे शब्द दिले ते आठवणीचे नाहीत. मी मूळचीच प्रकाश होते असे त्या म्हणत नाहीत. मी पापी होते आणि मला क्षमा मिळाली असे म्हणतात. अनुभव कोणाचाही असो, त्याला नाव देताना माणूस आपल्या रोगाचे निदान सांगून जातो. मला येथे उधळ्याच्या थोरल्या भावाची आठवण होते. तो कधी घर सोडून गेला नाही, बाप कोण हे त्यालाही चांगले ठाऊक होते, आणि मेजवानीच्या वेळी तोच बाहेर उभा राहिला.

१८९७ साली, दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुली आणि पुण्यातील प्लेग यांमुळे कामाचा भार दौंडच्या अलीकडे केडगावला हलला. त्या वसाहतीला रमाबाईंनी 'मुक्ती' हे नाव दिले. आत्म्यासाठी घडवलेला हा जुना शब्द त्यांनी विहीर, गोठा, माग, तेलाचा घाणा आणि छापखाना असलेल्या एका जागेला लावला. हाडे वर आलेल्या मुलींना तेथे आधी जेवू घातले जाई. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले जाई. देह ही टाकून द्यायची कोठडी मानणाऱ्यांनी दया केलीच नसती असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्यास पुरावा नाही. पण अशा जागेला हेच नाव द्यावे असे त्यांना सुचले असते, असे मला वाटत नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल त्यांनी नव्याने मराठीत आणायला घेतले. साध्या, अल्पशिक्षित बाईला वाचता यावे अशी भाषा त्यांना हवी होती. केडगावच्याच मुलींनी त्याचे खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर दोन वर्षांनी बाहेर पडला.